पातळी

पोपट तोलाराच्या हर्षलानं फोटो पाठवलाय, फ्रान्सवरून.
खाली गावाचं नाव आहे, पण त्यातली निम्मी अक्षरं
म्हणायची नसतात म्हणे.
असतात, दिसतात, फक्त तोंडात घ्यायची नाहीत,
पुरात बुडालेल्या पायऱ्यांसारखी.

नदी आहे. आमच्या वारणेएवढीच, उन्हाळ्यातल्या.
काठावर मठाचं चर्च, नऊशे वर्षांचं,
मनोऱ्याचा दगड सायीच्या रंगाचा.
पोरगी तिथं जुना दगड धुवायला शिकते.
दोन वर्षांचा कोर्स.
पोपट सगळ्यांना सांगतो, इंजिनिअर आहे.

लोक मनोरा बघतील.
मी फोटो दोन बोटांनी ताणला
आणि दाराशेजारच्या कोपऱ्यात गेलो.
तिथं रेघा होत्या.
एकीवर एक, प्रत्येकीपुढं साल कोरलेलं.

एकतीस वर्षं मी आयर्विनच्या पुलावर पाणी वाचलं.
वाचलं म्हणजे वाचलंच:
खांबावरचे पांढरे-काळे फूट, हातात बॅटरी,
दर तासाला आकडा, वर कळवायचा.
चाळीसला इशारा. पंचेचाळीसला धोका.
त्याच्यापुढंही आकडे असतात
हे पंचेचाळीस ओलांडेपर्यंत खरं वाटत नाही.

रात्री फोन लावला. तिच्याकडं अजून ऊन.
‘काका, मनोरा बघितला का?’
म्हटलं, ते राहू दे. सगळ्यात वरच्या रेघेखाली उभी राहा.
कुठं येते?
ती गेली. फरशीवर बुटांचा आवाज,
मग कुणाशी तरी दोन शब्द, तिकडचे.
‘कपाळाला,’ म्हणाली.
म्हणजे पावणेपाच फूट. पोरगी आईवर गेलीय.

‘खाली तळघर आहे काका, कोणी संत पुरलाय.
तिथंही भरलं होतं.’
उतरायच्या आधी कंदील सोडतात का गं, दोरीनं?
ती हसली. मग गप्प झाली.
तिच्या आज्यानं हरिपुरात हळदीची पेवं राखली.
कंदील विझला तर उतरायचं नाही, एवढंच शास्त्र.
पाच सालच्या पुरात पेवं पाणी प्याली.
ओसरल्यावर आठवडाभर गल्लीतनं पिवळं वाहत होतं,
लग्नघराच्या मोरीसारखं,
आणि वास असा, की कुणाला घास गेला नाही.

एक गोष्ट मात्र झोपू देईना.
तिसरी रेघ वाकडी आहे.
उजवीकडं बोटभर उतरलीय.
गवंड्याची पाणसळ चुकेल, पाणी चुकत नाही.
तेव्हा ज्यानं कोरली त्याचा हात.
थंडीनं म्हणावं, की वयानं,
की आत कुणी मोजत होतं, कोण कोण सापडलं नाही.

एकोणीस साली सत्तावन्न फूट झाले.
संगमेश्वराच्या रस्त्याला, आमच्याच भिंतीवर
मी रेघ ओढली, होडीत उभं राहून,
विटेच्या तुकड्यानं.
होडी दस्तगीरनं धरली होती, तरी हलत होती.
पाणी गेल्यावर बघतो तर
रेघ माझी, पाणी वाचणाऱ्या माणसाची,
एका टोकाला चार बोटं खाली.
बायको म्हणाली, पुसा. दर दिवाळीला म्हणते.
दर दिवाळीला तेवढी पट्टी सोडून चुना.

आज सकाळी हर्षलाचा निरोप:
उद्यापासून तोच कोपरा धुवायला घेतोय आम्ही,
रेघांत शेवाळ बसलंय.
लगेच फोन केला. धुवा, म्हटलं,
पण ती वाकडी सरळ करू नका.
‘असं कुणी करत नाही हो काका.’
बरं.
आणि जाता जाता बघून सांग,
नदीला आत्ता किती आहे.